सलाईनच्या बाटलीत असतं तरी काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, मग अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "मला दोन हजार पाहिजेत. लई अशक्तपणा आलाय, हातपाय गळून गेल्यासारखे होतात. चार सलाईन लावून घेते." कुणी काही विचारलं नाही. अध्यक्षांनी सही केली, सचिवांनी वहीत कारण लिहिलं, 'दवाखाना'. व्याज शेकडा दोन रुपये.

मी अनेक वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काम केलं आहे. त्या दिवशी घरी येताना सारखं वाटत राहिलं की आपण बियाणं घेताना पिशवीवरचं वाचतो, शेळी घेताना दात बघतो. आणि थेट आपल्या रक्तात जाणाऱ्या बाटलीत काय आहे, हे मात्र विचारत नाही. म्हणून हा लेख. वाचा, आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

बाटलीतला हिशोब

सलाईन म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिलं, साधं सलाईन. म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, म्हणून ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. सपाट चमचाभरापेक्षाही थोडं कमी. त्यात ताकद देणारं काही नसतं. कॅलरी शून्य.

दुसरं, ग्लुकोजचं सलाईन. बाटलीवर '५ टक्के' लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलीमध्ये ५ ग्रॅम ग्लुकोज. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. त्यातून जेमतेम १०० कॅलरी मिळतात.

तिसरं, आर.एल. म्हणजे रिंगर लॅक्टेट. यात मिठाबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम असे क्षार असतात. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, रक्त गेलं, भाजलं, अशा वेळी डॉक्टर हे देतात.

आता आपला हिशोब करू. ज्वारीची एक मध्यम भाकरी धरा, पीठ साधारण ६० ग्रॅम. तिच्यातून सुमारे २०० कॅलरी मिळतात, शिवाय प्रथिनं मिळतात, थोडं लोह मिळतं. म्हणजे ग्लुकोजच्या दोन बाटल्या बरोबर एक भाकरी! शेतात राबणाऱ्या बाईला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. त्या सलाईनमधून घ्यायच्या म्हटलं तर दिवसाला २० बाटल्या, म्हणजे १० लिटर पाणी शिरेत चढवावं लागेल. माणूस जगणार नाही.

मग 'पिवळं सलाईन' ताकदीचं असतं, असं सगळे सांगतात, ते काय? त्या बाटलीत जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टोचलेलं असतं. पिवळा रंग त्याचाच. गरजेपेक्षा जास्तीचं बरंचसं दुसऱ्या दिवशी लघवीतून पिवळं होऊन बाहेर जातं. पैसे देऊन लघवी रंगवली, एवढंच.

"पण ताई, सलाईन लावल्यावर बरं वाटतं की!" वाटतं, खोटं नाही. एक तर दोन-तीन तास आपण आडवं पडून राहतो. तेवढी विश्रांती घरी कोण देतं? घरचे जवळ बसतात, विचारपूस करतात. उन्हातान्हात पाणी कमी प्यालं असेल तर ते भरून निघतं. आणि काही ठिकाणी बाटलीत वेदनाशामक किंवा स्टेरॉईडचं इंजेक्शन मिसळलेलं असतं. त्याने चार दिवस अंग हलकं वाटतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं. स्टेरॉईड वारंवार घेतलं तर रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

अशक्तपणाचं मूळ कारण आपल्याकडे बहुतेक वेळा रक्त कमी असणं हे असतं. त्यासाठी आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असं सरकारच्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात ठरवून दिलेलं आहे. गोळी आशाताईंकडे, उपकेंद्रात फुकट मिळते. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. रक्त फारच कमी असेल तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. तेही बाटलीतूनच देतात, पण ते साधं सलाईन नव्हे. ते दवाखान्यात, डॉक्टर हजर असताना, रिअ‍ॅक्शन आली तर लागणारी औषधं शेजारी ठेवूनच द्यायचं असतं. घरी खाटेवर कधीच नाही.

मग सलाईन वाईट का? अजिबात नाही

चुकीचा अर्थ घेऊ नका. सलाईनने रोज जीव वाचतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं, उलट्या थांबतच नाहीत, जुलाबाने माणूस बेशुद्ध पडतोय, ऑपरेशन आहे, डेंग्यूत रक्तदाब खाली गेलाय, अशा वेळी शिरेतूनच पाणी द्यावं लागतं. सापाचं विष उतरवणारं औषधही शिरेतूनच देतात. अशा वेळी "सलाईन नको" म्हणून अडून बसू नका, १०८ ला फोन करा.

पण माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर तोंडाची वाट सगळ्यांत सुरक्षित. याचा मोठा दाखला आपल्याच देशात आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि सांगितलं, पाजत राहा. आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आया, बहिणी, आज्या यांनी वाटीने पाजून हे केलं. २०२३ साली डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं गेलं.

तेच आजचं ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही, आणि २४ तासांत संपवायचं. उरलं तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने थोडं थोडं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. आणि झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

शिरेतून अन्न देतात ते वेगळं

मोठ्या दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला गेलात तर कधी कधी स्टँडवर दुधासारखी पांढरी पिशवी दिसेल. "पेशंटला दूध चढवतायत काय?" असं मला कितीतरी जणींनी विचारलं आहे. ते दूध नव्हे. ते शिरेतून द्यायचं अन्न. पांढरा रंग त्यातल्या स्निग्ध पदार्थाचा असतो. त्यात ग्लुकोज, प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं त्या रोग्याचं वजन आणि रक्ताचे रिपोर्ट बघून मोजून घातलेलं असतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आतडं काम करत नसलेली बाळंसुद्धा त्यामुळे वाढू लागली.

हे कुणाला देतात? ज्याचं आतडं बंद आहे, आतड्याचा मोठा भाग कापून काढलाय, किंवा फार लवकर जन्मलेलं बाळ, ज्याला दूध पचत नाही. डॉक्टरांचा नियम सोपा आहे. पोट चालू असेल तर अन्न पोटातूनच. तोंडाने जमत नसेल तर नाकातल्या नळीने. तेही शक्य नसेल तरच शिरेतून.

कारण शिरेतल्या अन्नाला जपावं लागतं फार. गोड आणि स्निग्ध पदार्थ जंतूंनाही आवडतात. नळीतून जंतू गेले तर थेट रक्तात. म्हणून सिस्टर आधी हात धुतात, दुसऱ्या सिस्टरला बोलावून पिशवीवरचं नाव आणि कागद ताडून बघतात, नळीचं तोंड पुसून घेतात. हे बहुतेक वेळा मानेजवळच्या किंवा दंडातल्या मोठ्या शिरेतून, मशिनवर वेग ठरवून देतात. त्या नळीतून दुसरं औषध देत नाहीत. पिशवी २४ तासांच्या वर टांगून ठेवत नाहीत. रक्तातली साखर ठरावीक वेळाने तपासतात, आणि पिशवी एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात, नाहीतर साखर झपकन खाली येते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कुणी गावात येऊन "शिरेतून पूर्ण जेवण देतो, ताकद येईल" म्हणालं तर तुम्हाला ओळखता यावं. खरं शिरेतलं अन्न खाटेवर, खिळ्याला बाटली अडकवून देता येत नाही.

एक गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. रोग्याला नाकातली नळी पण असेल आणि सलाईनची नळी पण असेल, तर नळ्या दिसायला सारख्या असतात. नाकातल्या नळीचं अन्न चुकून शिरेत गेलं तर जीव जातो. म्हणून सिस्टरांनी शिकवल्याशिवाय, दाखवल्याशिवाय कुठल्याच नळीतून काही देऊ नका. शिकवल्यावर देताना नळी बोटाने धरून नाकापर्यंत मागोवा घ्या, मगच द्या. रोग्याचं डोकं उंच ठेवा, आणि नंतर अर्धा-एक तास तसंच राहू द्या.

माझ्या हातून होता होता राहिलेली चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. रात्रपाळी होती, वॉर्ड भरलेला. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन बायका, दोघींचं नाव एकच, आडनावही एकच. एकीला साखरेचा आजार, तिला इन्सुलिन द्यायचं होतं. मी इंजेक्शन भरलं, खाटेपाशी गेले, नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना?" ती झोपेतच "हो" म्हणाली. मी हात पुसायला घेतला, तेवढ्यात खाली सतरंजीवर झोपलेली तिची सासू उठून बसली. म्हणाली, "सिस्टर, हिला कसली सुई? हिला तर साखर नाही."

माझे हातपाय गार पडले. साखरेचा आजार नसलेल्या माणसाला ते इन्सुलिन गेलं असतं तर झोपेतच रक्तातली साखर उतरली असती, सकाळपर्यंत काय झालं असतं कोण जाणे. त्या आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण विचारलं त्यांनी.

त्या दिवसापासून मी कुणालाही "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा," असं विचारलं, आणि केसपेपरशी ताडून पाहिलं. नर्सिंगमध्ये हे पहिल्या वर्षीच शिकवतात. पाच गोष्टी बरोबर पाहिजेत:

१. माणूस बरोबर.
२. औषध बरोबर.
३. मात्रा बरोबर.
४. वाट बरोबर. तोंडाने, स्नायूत, की शिरेत.
५. वेळ बरोबर.

आणि दिल्यावर लगेच कागदावर लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर तेच औषध पुन्हा देणार नाही.

चुका फक्त आपल्याकडे होतात असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुकांमुळे होणारी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. दरवर्षी १७ सप्टेंबरला रुग्ण सुरक्षा दिन असतो, २०२२ साली त्याचा विषय औषधांची सुरक्षितता हाच होता. एका सिस्टरकडे चाळीस-पन्नास रोगी असतात, तेव्हा शेजारी बसलेली तुम्ही म्हणजे तिचा दुसरा डोळा. विचारलं म्हणून चांगली सिस्टर रागावत नाही. नीट विचारा: "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे? हे आमच्याच पेशंटचं आहे ना?" पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी आल्या असतील, दम लागला असेल, तर ते न विचारता सांगा. साखर, बीपी, हृदयाचा, किडनीचा आजार, पोटात बाळ आहे, तेही सांगा.

ते छोटं चाक फिरवू नका

सलाईनच्या नळीवर एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की थेंब कमी-जास्त होतात. आमच्या वॉर्डात एकदा एक मुलगा आईपाशी बसला होता. शेवटची एसटी चुकेल म्हणून त्याने चाक पूर्ण सोडलं. चार तासांची बाटली अर्ध्या तासात गेली. आई वयस्क, हृदय आधीच कमजोर. पाणी फुप्फुसात उतरलं, ती दमाने बसून राहिली, ओठ निळे पडले. ऑक्सिजन लावून, लघवीचं औषध देऊन तिला वाचवलं. एसटी तर गेलीच, तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं ते वेगळं.

हिशोब तुम्हीही करू शकता. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या नळीतून २० थेंबांचं एक मिली होतं. म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत १०,००० थेंब. चार तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, आठ तासांत द्यायची तर २१. सिस्टरांना विचारा, "ही किती वाजता संपायला पाहिजे?" मग मोबाईलवर एक मिनिट लावून थेंब मोजा. फार जास्त किंवा फार कमी वाटले तर बोलवा. स्वतः चाकाला हात लावू नका. लहान मुलांची नळी वेगळी असते, तिचे थेंब बारीक, ६० थेंबांचं एक मिली. ते गणित तिथे चालत नाही.

चालू सलाईनमध्ये पोटॅशियमसारखं औषध घातलेलं असू शकतं. ते भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून काही लिहिलेलं असेल तर आत औषध घातलंय असं समजा.

सिस्टरांना लगेच हाक कधी मारायची?

- सुईच्या जागी सूज, लाली, आग होत असेल.
- थंडी वाजून हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, छातीत धडधडलं.
- बाटली संपत आली किंवा नळीत रक्त उलटं चढलं.
- बाटलीतलं पाणी गढूळ आहे, कण तरंगतायत, बाटली गळतेय किंवा तारीख उलटून गेलीय.

नळीत एखादा बारीक बुडबुडा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका, पण सांगा जरूर. आणि सुई-सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, काहीही लागू शकतं.

घरातलं औषध

चुका दवाखान्यापेक्षा घरीच जास्त सहज होतात. तापाचं औषध बाळांसाठी थेंबांच्या बाटलीत येतं आणि मोठ्या मुलांसाठी पातळ औषधाच्या बाटलीत. नाव एकच, पण थेंबांचं औषध फार तीव्र असतं. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. पातळ औषधाच्या पाच मिलीत बहुधा १२५. थेंबांचं औषध चमच्याने पाजलं तर एका चमच्यात चौपट जातं. म्हणून बाटलीबरोबर आलेलं माप किंवा ड्रॉपरच वापरा, घरातला चहाचा चमचा नको. शेजारणीच्या गोळ्या नकोत. वाचता येत नसेल तर औषध दुकानदाराकडून पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून घ्या, सकाळी-रात्री किती ते कळतं.

पुढच्या बैठकीत काय कराल?

दवाखान्याच्या कर्जाला नाही म्हणायचं नाही. गट त्यासाठीच आहे. पण कर्ज मागणाऱ्या मैत्रिणीला प्रेमाने तीन प्रश्न विचारायचे: तपासणी झाली का? डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय का? सरकारी दवाखान्यात हेच मिळतं का?

एका बैठकीत आशाताईंना बोलवा. ओआरएस सगळ्यांसमोर करून बघा, चव घेऊन बघा. आसवांपेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं. उपकेंद्राच्या सिस्टरांना विनंती करून सगळ्यांचं हिमोग्लोबिन एका दिवशी तपासून घ्या, आणि आकडा बचतीच्या वहीशेजारी आपापल्या डायरीत लिहा.

त्या दोन हजारवाल्या ताईंचं काय झालं, ते सांगते. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. हिमोग्लोबिन आठ निघालं. दर महिन्याला खूप अंगावरून जात होतं, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. आता त्यावर इलाज चालू आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. घेतलेल्या दोन हजारांतले सतराशे त्यांनी पुढच्याच बैठकीत परत केले. उरलेल्या पैशांचे शेंगदाणे, गूळ आणि हरभरे घेतले म्हणाल्या.